आधी वीज, मग वारा

साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारचे चार्जिंग आणि तिचे कूलिंग या दोन स्वतंत्र दुरुस्त्या मानल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या व्यवस्था आहेत. त्यांच्या सुधारणेचा क्रम चुकला, तर गाडी सुधारण्याऐवजी वाटेत बंद पडते.

उन्हाळ्यातील दुपार. इंग्लंडमधील एखाद्या गावाबाहेर वाहनांची लांब रांग खोळंबली आहे आणि त्या रांगेत १९६४ सालची एक बुटकी, उघड्या टपाची एमजीबी उभी आहे. मोकळ्या रस्त्यावर तास-दीड तास ती तक्रार न करता धावली. आता मात्र पाच मिनिटांतच डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा वर सरकू लागतो. त्याच सुमारास शेजारचा लहानसा लाल दिवा मिणमिणू लागतो. चालक ॲक्सिलरेटर किंचित दाबतो, दिवा विझतो. पण काटा खाली येत नाही. रांग हलली नाही, तर पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. बॉनेटखालून वाफ आणि रस्त्याच्या कडेला तासाभराचा मुक्काम.

हा काटा आणि हा दिवा एकाच वेळी बोलू लागतात, हा योगायोग नव्हे. जुन्या मोटारीतील वीजनिर्मिती आणि इंजिन थंड ठेवण्याची योजना या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतात. इंजिन मंदावले, की दोन्ही एकदमच मंदावतात. अशा गाड्यांचे मालक बहुधा यातील जो त्रास अधिक जाणवतो त्यावर आधी उपाय करतात, म्हणजे विजेचा पंखा विकत आणतात. येथेच पहिली चूक होते.

ज्या काळासाठी ती बनली

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यातून एमजीबी १९६२ मध्ये बाहेर पडली आणि १९८० पर्यंत तिचे उत्पादन सुरू राहिले. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या; त्यातील मोठा हिस्सा अमेरिकेत गेला. आजही ब्रिटन आणि अमेरिकेत रस्त्यावर सहज दिसणारी ही जुनी स्पोर्ट्स कार आहे. सुटे भाग मिळतात, रचना सोपी आहे आणि घरच्या गॅरेजमध्ये तिच्यावर काम करता येते.

तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' या घराण्यातील. भारतीय वाचकाला हे घराणे परके नाही. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बेसेडरमध्ये अनेक वर्षे धडधडलेले १४८९ सीसीचे इंजिन याच कुळातील धाकटे भावंड होते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, लोखंडाचेच हेड, समोर क्रँकशाफ्टची पुली, तिच्यावरून वॉटर पंप आणि डायनॅमोकडे जाणारा एकच फॅन बेल्ट, ही मांडणी ॲम्बेसेडरचे बॉनेट उघडून पाहिलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

या एकाच पट्ट्यात सारे मर्म आहे. तो पाण्याचा पंप फिरवतो, पंपाच्याच टोकाला बसवलेला पंखा फिरवतो आणि डायनॅमोही फिरवतो. म्हणूनच धावत्या गाडीत अचानक पेटलेला लाल दिवा केवळ विजेचा इशारा समजू नये. पट्टा तुटला असेल, तर त्या क्षणी पाण्याचे अभिसरणही थांबलेले असते. 'बॅटरीवर घरापर्यंत जाऊ' असा हिशेब करून पुढे निघालेल्या गाडीचे हेड गॅस्केट काही किलोमीटरांत जळू शकते. दिवा पेटताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणे आणि पट्टा जागेवर आहे का ते पाहणे, हा या गाडीच्या चालकाने शिकायचा पहिला धडा होय.

डायनॅमोची मर्यादा

सायकलच्या डायनॅमोवर रात्री घरी परतलेल्या पिढीला एक अनुभव चांगलाच आठवत असेल. पाय मंदावले, की दिवा मंदावे आणि सायकल थांबली, की अंधार. मोटारीचा डायनॅमो रचनेने निराळा असला, तरी त्याचा स्वभाव हाच. सुरुवातीच्या एमजीबीत लुकास कंपनीचा सी-४० हा डायनॅमो होता. त्याची कमाल क्षमता २२ अँपिअर. तीही इंजिन चांगल्या वेगाने फिरत असतानाच. आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. त्या वेळी रेग्युलेटरच्या पेटीतील कटआउट डायनॅमोला बॅटरीपासून अलग करतो, नाहीतर बॅटरीचीच वीज उलटी डायनॅमोत शिरली असती. मिणमिणणारा लाल दिवा या अवस्थेचीच खूण.

मग डायनॅमो अधिक वेगाने का फिरवू नये? अडचण रचनेतच आहे. डायनॅमोत गाडीला लागणारी सारी वीज फिरणाऱ्या भागात, म्हणजे आर्मेचरच्या जाड वेटोळ्यांत, निर्माण होते आणि कम्युटेटर व कार्बन ब्रश यांच्यामार्फत बाहेर येते. फार वेगाने फिरवल्यास वेटोळी केंद्रापासून बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो, ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात. इंजिनाच्या कमाल वेगातही डायनॅमो सुरक्षित राहावा अशा बेताने पुली निवडावी लागते. त्याची किंमत मंद वेगात मोजावी लागते.

१९६२ मध्ये हे पुरेसे होते. रस्ते मोकळे होते, गाडीत विजेची उपकरणे मोजकी होती. तरीही पावसाळी रात्रीचा हिशेब मांडला, तर गणित किती काठावरचे होते ते कळते. ५० वॅटच्या दोन हेडलाइट्सना सुमारे ८ अँपिअर, मागचे-पुढचे लहान दिवे २ ते ३, इग्निशन ३ ते ४, वायपर २ ते ३, हीटरचा पंखा आणखी ३ ते ४. बेरीज वीसच्या घरात जाते. ब्रेक दाबला, की मागचे दोन दिवे आणखी साडेतीन अँपिअर मागतात. म्हणजे डायनॅमो पूर्ण वेगात असतानाही शिल्लक नगण्य. या गाडीत पुढे कोणी हॅलोजन दिवे बसवले, मोबाइल चार्जिंगचा सॉकेट लावला आणि दहा अँपिअर खाणारा विजेचा पंखा जोडला, तर तूट अटळ आहे.

ऑल्टरनेटरने काय बदलले

ऑल्टरनेटरने ही रचनाच उलटी केली. येथे जाड वेटोळी स्थिर असतात आणि त्यांच्यामध्ये लहानसे विद्युतचुंबक फिरते. ब्रशमधून जातो तो केवळ या चुंबकाला लागणारा काही अँपिअरचा प्रवाह. त्यामुळे ऑल्टरनेटर कितीतरी वेगाने फिरवता येतो, त्याची पुली लहान ठेवता येते आणि आयडलिंगलाही तो उपयोगी पडण्याइतकी वीज देतो. निर्माण होणारी प्रत्यावर्ती वीज एकदिश करण्यासाठी सिलिकॉन डायोड लागतात. ते स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावरच हे यंत्र मोटारीत आले. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलियंट या गाडीत ते दिले. डायोड वीज उलटी वाहू देत नाहीत, त्यामुळे कटआउटचीही गरज उरली नाही.

एमजीबीत हा बदल कारखान्यानेच केला. १९६७ च्या अखेरीस आलेल्या 'मार्क टू' आवृत्तीत डायनॅमो गेला, ऑल्टरनेटर आला आणि गाडीचे अर्थिंग पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झाले. त्यामुळे आधीच्या गाडीत ऑल्टरनेटर बसवणारा मालक काही विपरीत करत नसतो. निर्मात्याने स्वतः घेतलेली वाट तो चालत असतो.

उलट्या अर्थिंगचा पेच

१९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे. आज मिळणारे बहुतेक सारे ऑल्टरनेटर निगेटिव्ह अर्थिंगसाठी बनलेले असतात. ते उलटे जोडले, तर आतील डायोड क्षणात जळतात. म्हणून ऑल्टरनेटर बसवण्याआधी गाडीची ध्रुवता बदलणे आवश्यक ठरते. काम अवघड नाही; मात्र ते क्रमाने आणि न विसरता करावे लागते.

या गाडीत आसनांच्या मागे, फरशीखालच्या दोन खणांत, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. १९७४ नंतर त्यांच्या जागी १२ व्होल्टची एकच बॅटरी आली. ध्रुवता बदलताना दोन्ही बॅटऱ्या फिरवाव्या लागतात. बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो, म्हणून केबलच्या टोकांचे क्लॅम्पही बदलावे लागतात. ठोकून बसवलेला क्लॅम्प खुंट सैल करतो, आणि सैल खुंट हे अर्ध्या विद्युत-तक्रारींचे मूळ असते.

दिव्यांना ध्रुवतेशी देणेघेणे नसते. स्टार्टरलाही नाही, कारण त्यातील चुंबक वेटोळ्यांचे असल्याने दोन्ही प्रवाह एकदम उलटतात आणि फिरण्याची दिशा तीच राहते. कायम चुंबकाच्या मोटारी मात्र उलट्या फिरू लागतात. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी, अन्यथा ठिणगी क्षीण पडते. १९६४ नंतरच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर ध्रुवता जाणतो. तो आतून बदलून घ्यावा लागतो. नंतरच्या काळात बसवलेला रेडिओ वा इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल, तर ते आधी सोडवून ठेवणे शहाणपणाचे.

आग लागते ती तारेत

आता खऱ्या धोक्याकडे. जुन्या ब्रिटिश गाडीत तपकिरी रंगाची तार नेहमी जिवंत असते. ती बॅटरीकडून येते आणि किल्ली काढली तरी तिच्यात वीज असते. एमजीबीत या मूळ तपकिरी मार्गावर फ्यूज नाही. डायनॅमोच्या २२ अँपिअरसाठी निवडलेल्या जुन्या तारेवर ४५ किंवा ६० अँपिअरचा ऑल्टरनेटर जोडला आणि बॅटरी उतरलेली असली, तर सुरुवातीच्या काही मिनिटांत त्या तारेतून तिच्या शक्तीबाहेरचा प्रवाह जातो. वेष्टण मऊ पडते, शेजारच्या तारा तापतात. मोटारीला लागलेल्या आगीचे कारण पुष्कळदा इतके साधे असते.

ऑल्टरनेटर मागितल्याशिवाय वीज देत नाही, हे खरे. केवळ मोठा ऑल्टरनेटर बसवल्याने दिव्यांत अधिक प्रवाह जात नाही. पण मागणी वाढण्याचा प्रसंग कधीतरी येतोच, आणि तार त्या प्रसंगासाठी निवडायची असते. ऑल्टरनेटरपासून बॅटरीच्या मुख्य केबलपर्यंत नवी जाड तार टाकणे, तिच्यावर योग्य क्षमतेचा मुख्य फ्यूज बसवणे आणि टोके योग्य हत्याराने दाबून घेणे ही तीन कामे ऑल्टरनेटर विकत घेण्याइतकीच महत्त्वाची आहेत. गरजेपेक्षा मोठा ऑल्टरनेटर घेऊ नये. चार सिलिंडरच्या एमजीबीला ४५ अँपिअर बहुतेक प्रसंगी पुरतात.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी विसरल्या जातात. पहिली, लाल दिव्याचा बल्ब. ऑल्टरनेटरच्या चुंबकाला सुरुवातीची चेतना या बल्बमधून जाणाऱ्या प्रवाहामुळे मिळते. बल्ब उडाला, तर नवा कोरा ऑल्टरनेटरही मुकाट बसून राहू शकतो. दुसरी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी तुटली, की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो. चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल लाल होईपर्यंत तापली, तर दोष केबलचा नसून या पट्टीचा असतो.

काम झाल्यावर मल्टिमीटरने पडताळणी करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन मध्यम वेगात फिरत असताना ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावेत. हेडलाइट्स लावल्यावरही ते १३ च्या खाली उतरत असतील, तर तारेत किंवा जोडणीत कोठेतरी वीज अडते आहे. चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग तपासण्याची' जुनी सवय डायनॅमोच्या काळातली. ऑल्टरनेटरवर ती कधीही करू नये.

पाणी का तापते

पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्याच्या वाटेने बाहेर टाकावा लागतो. ही वाट तुंबली, की इंजिन तापते. पण ती कोठे तुंबली आहे हे न पाहता मोठा रेडिएटर आणि बलवान पंखा बसवणे म्हणजे ताप का आला हे न पाहता कपाळावर घड्या ठेवत बसणे.

निदानाचा एक सोपा नियम आहे. गाडी केवळ रांगेत उभी असताना तापत असेल आणि चालू लागताच थंड होत असेल, तर कमतरता वाऱ्याची आहे. पंखा, पट्टा किंवा रेडिएटरच्या जाळीतील कचरा पाहावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापत असेल, तर पंख्याचा संबंधच नाही. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगात समोरून येणारा वारा पंख्याहून कितीतरी अधिक असतो. अशा वेळी दोष पाण्याच्या मार्गात किंवा इंजिनात असतो. रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या असतात, खालचा होज पाइप आतून मऊ होऊन पंपाच्या ओढीने चिपाड होतो, ठिणगीची वेळ मागे पडलेली असते, कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ झालेले असते किंवा हेड गॅस्केट गळू लागलेले असते.

तांब्याच्या बंबात आतून चढणारे क्षारांचे पुट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना साठ वर्षांच्या इंजिनातील स्थितीची कल्पना येईल. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमधील गंज आणि गाळ पाण्याच्या कप्प्यांत, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, साचतो. रेडिएटर नवा आणि ब्लॉक गाळाने भरलेला अशी अवस्था असेल, तर काही महिन्यांत तोच गाळ नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जातो. म्हणून आधी ब्लॉक उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा आणि नंतर गंजरोधक असलेले कूलंट भरावे. उष्ण प्रदेशातही नुसते नळाचे पाणी वापरू नये. गोठण्याचा प्रश्न नसला, तरी गंजाचा असतोच.

रेडिएटरचे झाकण हा सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिटीसारखे आहे. आतला दाब वाढला, की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ७ पौंडांच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, १० पौंडांच्या झाकणाखाली ११५ अंशांना. सुरुवातीच्या एमजीबीला ७ पौंडांचे झाकण होते. त्याची स्प्रिंग थकली किंवा रबर फाटले, तर शंभर अंशांपाशीच पाणी उकळून बाहेर पडते. अधिक दाबाचे झाकण लावण्याचा मोहही टाळावा. जुन्या रेडिएटरचे डाखलेले सांधे आणि हीटरचा गाभा त्या दाबासाठी बनलेले नसतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा गॅरेजमधील लोकप्रिय उपाय. एमजीबीसाठी हवामानानुसार ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट ठरवून दिलेले आहेत. उष्ण हवेसाठी ७४ अंशांचा. तो काढल्याने इंजिन थंडीच्या दिवसांत कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही, तेल दाट राहते आणि सिलिंडर झिजतात. शिवाय त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये राहणारा दाबही जातो. हा दाब तप्त भागांवर पाणी जागच्या जागी उकळू देत नाही. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढून टाकू नये.

पंख्याचा हिशेब

इतके सारे नीट करूनही शहरी रांगेत काटा वर जात असेल, तर मग विजेच्या पंख्याचा विचार रास्त ठरतो. मूळ पंख्याची उणीव उघड आहे. वाऱ्याची सर्वाधिक गरज असते तेव्हा, म्हणजे गाडी उभी असताना, तो सर्वांत मंद फिरतो. आणि गरज नसते तेव्हा, म्हणजे महामार्गावर, तो जोरात फिरून इंजिनाची शक्ती खातो. विजेचा पंखा इंजिनाच्या वेगापासून स्वतंत्र असतो. येथेही वाट कारखान्यानेच दाखवली होती. १९७३ ते १९७६ या काळात बनलेल्या २,५९१ 'एमजीबी जीटी व्ही-८' गाड्यांत रेडिएटर पुढे सरकवून विजेचे दोन पंखे दिलेले होते. १९७७ च्या हंगामापासून चार सिलिंडरच्या गाड्यांनाही पुढे सरकवलेला रेडिएटर आणि विजेचे पंखे मिळाले.

आधीच्या गाडीत रेडिएटर आणि इंजिन यांच्यातील जागा कमी असल्याने पंखा बहुधा रेडिएटरच्या पुढे बसवून हवा आत ढकलावी लागते. तो स्वतंत्र पट्ट्यांवर, गाडीच्या चौकटीला धरून बसवावा. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या बंधन्या ओवून लटकवलेला पंखा हादऱ्यांनी नळ्या घासतो आणि एके दिवशी गळती सुरू होते. पंख्याला वीज रिलेमार्फत आणि स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी. सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. डॅशबोर्डवरील जुने बटण तो सोसू शकत नाही. तापमानाचा स्विच साधारण ९० ते ९२ अंशांना पंखा सुरू करणारा आणि पाच-सात अंश खाली आल्यावर बंद करणारा असावा. सोबत हाताने चालवण्याचे एक बटण ठेवले, तर स्विच दगावला तरी गाडी घरी येते.

आता मूळ प्रश्नाकडे. हाच पंखा डायनॅमोवर चालणाऱ्या गाडीत बसवला तर? रात्री रांगेत उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणावी. पंखा १० अँपिअर, हेडलाइट्स व लहान दिवे मिळून ११, इग्निशन ४. एकूण २५ अँपिअर, आणि आयडलिंगला डायनॅमोचा वाटा जवळजवळ शून्य. हे सारे बॅटरीतून जाते. ५० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या तासात पाव भाग रिकामी होते. ती जुनी असेल तर अधिक. व्होल्टेज घसरते, तसा पंखा मंदावतो. ठिणगी क्षीण होते. पाणी पुन्हा तापू लागते आणि या वेळी इंजिन बंद केले, तर ते सुरू करण्याइतकी शक्ती बॅटरीत उरलेली नसते. तापण्यावर उपाय म्हणून आणलेल्या पंख्यानेच गाडी रस्त्यात उभी केलेली असते.

ऑल्टरनेटर आधी बसवला असेल, तर हेच गणित बदलते. आयडलिंगला तो पूर्ण क्षमतेने चालत नाही, पण मागणीतील मोठा वाटा उचलतो. बॅटरीवर पडतो तो केवळ उरलेला भार, आणि रांग हलताच तीही तूट भरून निघते. म्हणून क्रम ठरलेला आहे. प्रथम जुनी व्यवस्था निर्दोष करावी. मग तारा आणि ऑल्टरनेटर. त्यानंतर झाकण, होज, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर. पंखा सर्वांत शेवटी, आणि तोही खरोखर लागला तर. अनेक गाड्यांना या टप्प्यापर्यंत येण्याची गरजच पडत नाही.

मूळ रूपाचा मान

या साऱ्या सुधारणांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. ऑल्टरनेटर आणि विजेचा पंखा लावलेली १९६४ ची एमजीबी ही १९६४ ची राहते काय? ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा सूर असा, की मूळ द्रव्य शक्य तितके जपावे आणि जो बदल अपरिहार्य असेल तो उलटवता येण्याजोगा असावा. भारतातही जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी मालिका आली. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असणे आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसणे ही अट आहे.

सुदैवाने येथे वर्णिलेली कामे उलटवता येतात. डायनॅमोच्या कवचात दडवलेले ऑल्टरनेटर मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. जुन्या रेग्युलेटरची पेटी आतून रिकामी करून तिच्यात नव्या तारांची जोडणी करता येते. झाकण तेच, जागा तीच. काढलेला डायनॅमो, पंखा आणि रेग्युलेटरचे आतील भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी चिकटवून ठेवावेत. बॉडीत नवे भोक पाडू नये. मूळ भोकांचाच उपयोग करावा. तारांचा बदललेला आराखडा कागदावर काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. हे शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत आणि त्याची शिक्षा पुढच्या मालकाला भोगावी लागते. अर्थिंग बदललेल्या गाडीत एखाद्या मेकॅनिकने सवयीने बॅटरी जुन्या पद्धतीने जोडली, तर त्याच क्षणी ऑल्टरनेटर जातो. बॅटरीजवळ आणि बॉनेटखाली 'निगेटिव्ह अर्थिंग' अशी ठळक चिठ्ठी लावण्यास काहीच खर्च येत नाही.

मूळ रूप जपण्यासाठी आच्छादनाखाली झाकून ठेवलेल्या गाडीचे तेल साकळते, होज कडक होतात, ब्रेक जाम होतात आणि गंज आपले काम गुपचूप करत राहतो. यंत्र टिकते ते चालते राहण्याने. ॲबिंग्डनच्या कारागिरांनी ही गाडी उघड्या टपाने, वाऱ्यावर, दूरच्या वाटेला नेण्यासाठीच बनवली होती. रांगेत अडकल्यावर लाल दिवा विझलेला राहिला आणि काटा मध्यावरून हलला नाही, तर शेजारच्या गाडीतील मुलाला त्या बॉनेटखाली काय बदलले आहे हे कळणारही नाही. साठ वर्षांपूर्वीची एक गाडी आजही आपल्या चाकांवर घरी जाते आहे, एवढेच त्याला दिसेल.